४.३ सेकंदांच्या पुढे काय? वेगवान पण कच्चा रिसीव्हर जोखताना

एप्रिल २०१९ मध्ये नॅशव्हिलला एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट (कॉलेज खेळाडूंची निवड) झाला. त्यात ५६व्या निवडीपासून ७६व्या निवडीपर्यंत पाच असे वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू, उचलले गेले, ज्यांनी ४० यार्डांची धाव ४.३५ सेकंदांत किंवा त्याहून लवकर संपवली होती. मेकोल हार्डमन ५६वा, वेळ ४.३३. पॅरिस कॅम्पबेल ५९वा, ४.३१. अँडी इसाबेला ६२वा, तोही ४.३१. डीके मेटकाफ ६४वा, ४.३३. टेरी मक्लॉरिन ७६वा, ४.३५. सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत मंद यांच्यात फरक चार शतांश सेकंदांचा. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

पुढे काय झालं? मक्लॉरिनने २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं दर मोसमात हजारावर यार्ड काढले, म्हणजे झेल घेऊन संघाला तेवढं पुढे नेलं. मेटकाफने पहिल्याच वर्षी प्लेऑफच्या एका सामन्यात १६० यार्ड मिळवून नवोदितांचा तेव्हाचा विक्रम केला. हार्डमन आपल्या संघाचा पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर कधीच झाला नाही, पण फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत सामना संपवणारा झेल त्याचाच होता. कॅम्पबेलची पहिली तीन वर्षं दुखापतींत गेली. इसाबेला मैदानावर फारसा दिसलाच नाही.

घड्याळाने पाचही जणांबद्दल जवळपास एकच गोष्ट सांगितली होती. मग एकवीस निवडींच्या आत बसलेल्या या पाच जणांच्या वाटा इतक्या वेगळ्या का झाल्या? ड्राफ्टआधी महिनोन्‌महिने डोकेफोड करणाऱ्या स्काउट मंडळींचा, म्हणजे संघांसाठी खेळाडू पारखणाऱ्यांचा, खरा प्रश्न हाच असतो.

आधी खेळ थोडक्यात

न्यू जर्सीतल्या नाहीतर डॅलसमधल्या एखाद्या भाच्याने सुपर बोल पाहायला बसवलं असेल, तर हे दोन परिच्छेद सोडून दिलेत तरी चालेल. बाकीच्यांसाठी: अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदान १०० यार्ड लांब आणि साधारण ५३ यार्ड रुंद असतं. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि वाइड रिसीव्हर तो झेलतो. रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा राहतो, त्याच्यासमोर कॉर्नरबॅक आणि मागे खोलवर राखणीला सेफ्टी असतो.

ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंची निवड. बत्तीस संघ, सात फेऱ्या. आदल्या मोसमात जो संघ सगळ्यांत वाईट खेळला त्याला पहिली निवड मिळते. २०१९ मध्ये एकूण २५४ खेळाडू निवडले गेले. पहिल्या फेरीतल्या खेळाडूवर मोठा पैसा लागतो आणि अपेक्षाही लगेचच्या असतात. पाचव्या-सहाव्या फेरीतला खेळाडू चालला तर चांगलं, नाही चालला तर कुणी फारशी ओरड करत नाही.

चाळीस यार्डांची ती धाव

दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी-शेवटी इंडियानापोलिसला कंबाइन भरतं. तीनशेच्या आसपास खेळाडू येतात, त्यांची उंची, वजन, हाताची लांबी मोजली जाते, डॉक्टर तपासतात, मुलाखती होतात आणि मग टीव्हीवर दाखवली जाणारी ती धाव होते. ४० यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटरच्या जरा वर. हेच अंतर का, याबद्दल एक कथा सांगतात: साधारण चांगला पंट (पायाने लांब मारून समोरच्या संघाला दिलेला चेंडू) चाळीसेक यार्ड जातो आणि साडेचार सेकंद हवेत राहतो, तेवढ्या वेळात खाली पोचणारा गडी कोण, हे क्लीव्हलँडचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांना बघायचं होतं. कथा खरी असो वा नसो, आकडा टिकला.

वेळ मोजण्याची पद्धतही जाणून घ्यायला हवी. कंबाइनमध्ये खेळाडू हलला की माणूस बटण दाबतो आणि शेवट इलेक्ट्रॉनिक किरण टिपतो. कॉलेजच्या आवारात होणाऱ्या ‘प्रो डे’ला स्काउट दोन्ही टोकांना हातातलं स्टॉपवॉच वापरतात, त्यामुळे तिथली वेळ बऱ्याचदा जास्त लोभस येते. कुणी प्रो डेला ४.२८ धावला म्हणाला, तर ती वेळ कंबाइनच्या ४.२८ इतकी किमती धरू नये.

धावताना अंगावर पॅड नसतात, समोर कुणी नसतं, चेंडू नसतो, वळायचं नसतं. स्प्रिंटरसारखा हात टेकून सुरुवात करायची. रिसीव्हर सामन्यात असा कधीही धावत नाही. म्हणून जाणकार पूर्ण वेळेइतकंच लक्ष पहिल्या दहा यार्डांच्या वेळेकडे देतात. दीड सेकंदाच्या आसपासची ती वेळ झेप सांगते, आणि बहुतेक खेळ तेवढ्या अंतरातच ठरतो.

तरीही वेग ही फालतू गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही. वेगवान रिसीव्हरला एकदाही चेंडू मिळाला नाही, तरी सेफ्टीला मागे उभं राहावं लागतं, कॉर्नरबॅकला अंतर द्यावं लागतं, आणि मधल्या मोकळ्या जागेत दुसरेच कुणी झेल घेऊन जातात. टोकियोला १९६४ साली १०० मीटरचं सुवर्ण जिंकणारा बॉब हेज डॅलस काउबॉइजकडून खेळायला आला, तेव्हा एकेकट्याने त्याला धरणं जमेना आणि जागा वाटून घेणाऱ्या झोन बचावाकडे संघ जास्त वळले. पण हेज कॉलेजातही फुटबॉल खेळला होता, हे विसरलं जातं. उलट ११० मीटर हर्डल्सचा विश्वविक्रमवीर रेनाल्डो नेहेमाया १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्स संघाकडे आला, तीन मोसम खेळला आणि ४३ झेल घेऊन परत अ‍ॅथलेटिक्सकडे गेला.

कच्चेपणाच्या दोन जाती

आता मुद्द्यावर येतो. स्काउटच्या अहवालात ‘वेग अव्वल, बाकी काम कच्चं’ असं असतं, तेव्हा त्या कच्चेपणामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, त्या मुलाला ते काम कुणी शिकवलंच नाही, किंवा त्याच्या संघाला त्याची गरजच पडली नाही. दुसरी, शिकवलं, वर्षानुवर्षं घोटून घेतलं, तरी आलं नाही. चित्रफितीत दोन्ही सारखेच दिसतात: रूट (धावण्याची ठरलेली वाट) अर्धवट, वळण ढिलं. पहिल्या जातीवर पैसे लावता येतात. दुसरीवर लावले की बहुतेक वेळा बुडतात. माझ्या मते रिसीव्हर जोखण्याचं निम्मं काम या दोन जाती वेगळ्या करण्यात आहे.

मेटकाफ घ्या. उंची सहा फूट तीन इंच, वजन १०३ किलो, आणि एवढ्या देहाने ४.३३. तरी तो निवडला गेला तेव्हा त्याच्याआधी आठ रिसीव्हर गेले होते. कारणं खरीच होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये मानेच्या दुखापतीने त्याचा मोसम मध्येच संपला होता. ओल मिस कॉलेजसाठी त्याचे सगळे मिळून ६७ झेल. आणि कंबाइनमधल्या थ्री-कोन चाचणीत, म्हणजे पाच-पाच यार्डांवर काटकोनात ठेवलेल्या तीन शंकूंभोवती वळत धावायच्या परीक्षेत, त्याला ७.३८ सेकंद लागले. टॉम ब्रेडीने २००० साली ७.२० घेतले होते. ब्रेडी म्हणजे संथ पायांसाठी प्रसिद्ध क्वार्टरबॅक! ही तुलना त्या वसंतात इतकी फिरली की मेटकाफला वळताच येत नाही असं अनेकांनी ठरवून टाकलं.

इथे रूट म्हणजे काय ते बघावं लागेल. रिसीव्हरच्या धावण्याच्या ठरलेल्या वाटांना रूट म्हणतात, आणि त्यांना क्रमांक असतात. दोन म्हणजे स्लँट, तीन-चार पावलांनंतर तिरकं आत. चार म्हणजे कर्ल, पुढे जाऊन थांबायचं आणि क्वार्टरबॅककडे वळायचं. पाच म्हणजे आउट, काटकोनात बाहेर. सहा म्हणजे डिग, काटकोनात आत. आठ म्हणजे पोस्ट, खोलवर जाऊन तिरकं मध्याकडे. नऊ म्हणजे गो: सरळ धावत सुटायचं. साधारणपणे विषम अंक कडेच्या रेषेकडे, सम अंक मध्याकडे.

ओल मिसच्या आक्रमणात मेटकाफ बहुतेक वेळा डाव्या कडेला उभा राहायचा आणि मोजकेच रूट धावायचा: गो, स्लँट, थांबून वळायचे एक-दोन. आतल्या जागेतून खेळायचं काम ए. जे. ब्राउनकडे होतं, तोही त्याच ड्राफ्टमध्ये ५१वा गेला. म्हणजे मेटकाफच्या चित्रफितीत डिग किंवा आउट दिसत नव्हते, पण त्यांत तो नापास झाला होता असंही दिसत नव्हतं. पेपरच दिलेला नव्हता. जे तीन-चार रूट त्याच्याकडे होते, त्यांत तो काय करत होता हे बघणाऱ्यांना दुसरं चित्र दिसलं: समोरच्याने छातीवर हात टाकला तर तो हात झटकून पुढे सरकणं, उंच चेंडूवर वेळेत उडी घेणं. सिअ‍ॅटलने देवाणघेवाण करून ६४वी निवड मिळवली, त्याला पुन्हा डावीकडेच उभं केलं, आणि पहिल्या वर्षी फारसे नवे रूट लादले नाहीत. ५८ झेल, ९०० यार्ड.

थ्री-कोन चाचणी खोटी होती का? नाही. मेटकाफ आजही लहान चणीच्या रिसीव्हरसारखा जागच्या जागी वळत नाही. पण त्याला ज्या कामासाठी घेतलं होतं त्यात तसं वळणं फारसं लागत नव्हतं. कुठला दोष खेळाडूच्या कामाच्या आड येतो आणि कुठला येत नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि कंबाइनच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो.

पहिली पाच यार्ड

व्यावसायिक खेळात रिसीव्हरचा पहिला शत्रू म्हणजे प्रेस: कॉर्नरबॅक अगदी नाकासमोर उभा राहतो आणि चेंडू हलला की दोन्ही हातांनी छातीवर धक्का देतो. एनएफएलमध्ये पहिल्या पाच यार्डांतच असं अडवता येतं, त्यापुढे हात लावला तर दंड. कॉलेजात हा पाच यार्डांचा नियम नाही. तरी गंमत अशी की कॉलेजातल्या वेगवान रिसीव्हरला प्रेस फार कमी भेटतो. तिथला कॉर्नरबॅक ४.३ ऐकूनच सात-आठ यार्ड मागे उभा राहतो, आणि पोराला सुरुवात फुकट मिळते. रविवारी खेळणारे, म्हणजे एनएफएलमधले, कॉर्नरबॅक इतके उदार नसतात. त्यांचे हात लांब असतात आणि तेही ४.४ च्या आसपास धावतात.

या पहिल्या धक्क्यातून सुटण्याला रिलीज म्हणतात. पायांची एक हूल, हाताने समोरच्याचा हात खाली झटकणं, खांदा अरुंद करून बाजूने निसटणं. ग्रीन बेकडून नाव कमावलेल्या डाव्हान्टे अ‍ॅडम्सने ४० यार्डांना ४.५६ सेकंद घेतले होते, आणि तरी बरीच वर्षं त्याला अडवणं ही लीगमधली डोकेदुखी होती, ती या रिलीजमुळे.

मक्लॉरिनची गोष्ट इथे उघडते. ओहायो स्टेटच्या शेवटच्या मोसमात त्याचे फक्त ३५ झेल होते. त्याच संघात कॅम्पबेलचे ९०. आकड्यांनी बघितलं तर कोणता रिसीव्हर मोठा, यात शंका घ्यायला जागाच नाही. पण मक्लॉरिन पंटच्या वेळी गनरचं काम करायचा. पंट मारला की मैदानाच्या कडेने सुसाट खाली जायचं आणि चेंडू झेलणाऱ्याला पाडायचं, हे ते काम. गनरला अडवायला बऱ्याचदा दोन-दोन माणसं समोर असतात, ढकलतात, रेटतात. म्हणजे हा मुलगा दर शनिवारी, कॉलेजच्या सामन्यांत, प्रेसच्या बापाशी झुंजत होता, पण ते झेलांच्या यादीत कुठे येणार? ज्यांनी पंटच्या चित्रफिती बघितल्या त्यांना त्याचा रिलीज तिथे सापडला. मग जानेवारीत अलाबामातल्या मोबिलला सीनियर बोलच्या, म्हणजे ड्राफ्टआधी कॉलेजच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या, सरावात तो एकास एक उतरला आणि समोरचे कॉर्नरबॅक मागे पडत गेले.

एकास एक सरावाबद्दल एक सावधगिरी. त्यात सेफ्टी नसतो, क्वार्टरबॅकवर धावून येणारं कुणी नसतं, सगळं मैदान रिसीव्हरला मोकळं. तिथे वेगवान रिसीव्हर जिंकायलाच हवा. बघायचं ते हे, की मंगळवारी ज्या युक्तीने तो अडकला त्याच युक्तीने गुरुवारी अडकतो का. तीन दिवसांत काही बदललं, तर मुलगा शिकतो.

थांबणं

प्रशिक्षकांची चित्रफीत उंचावरून घेतलेली असते, तीत बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे प्रेक्षकाला रिसीव्हर झेल घेतानाच दिसतो. त्याआधीच्या तीन सेकंदांत काय झालं हे त्या उंच फितीत कळतं, आणि त्यात मी सगळ्यांत आधी बघेन तो वेग कमी करण्याचा भाग.

पूर्ण वेगात असलेल्या माणसाला कर्लवर थांबायला किती पावलं लागतात? चांगला रिसीव्हर कंबर खाली घालतो आणि तीनेक पावलांत थांबतो. कच्चा वेगवान गडी ताठ उभ्याने पाच-सहा छोटी पावलं टाकत वेग उतरवतो, आणि तेवढ्यात कॉर्नरबॅकला कळतं की हा थांबणार. त्याहून वाईट म्हणजे काही जण हे टाळायला आधीपासूनच हळू धावतात. गो रूटवर सुसाट, कर्लवर दुडक्या चालीने. समोरचा बचावपटू मूर्ख नसतो. पहिल्या पाच पावलांवरून तो रूट ओळखतो.

खो-खो खेळलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागणार नाही. शंभर मीटरला शाळेत पहिला येणारा मुलगा पळतीला उतरला की पहिल्या मिनिटात बाद होतो, आणि मध्यम वेगाचा पण हूल देणारा गडी पाठलाग करणाऱ्याला घाम फोडतो. कारण त्याच्या धावण्यावरून तो पुढच्या क्षणी कुठे जाणार हे कळत नाही. रिसीव्हरचं वेगळं काही नाही. गो आणि कर्ल, दोन्हींची पहिली दहा यार्ड हुबेहूब सारखी दिसली पाहिजेत.

इथे कच्चेपणाची जात ओळखायला एक आधार आहे. थांबता न येणं कधी तंत्रामुळे असतं: डोकं वर राहतं, हात उघडे पडतात, चुकीच्या पायावर ब्रेक लागतो. हे प्रशिक्षक सुधारतात, बऱ्याचदा एका उन्हाळ्यात. पण घोटा वाकत नसेल, नितंबाचा सांधा ताठ असेल, तर ती शरीराची ठेवण आहे. ती थोडी सैल होते, बदलत नाही. म्हणून जागेवरून उंच उडी, थ्री-कोन, शटल (थोड्या अंतरात इकडून तिकडे वळत धावणं) या चाचण्या फितीसोबत ठेवून बघतात. फितीत ताठ आणि चाचणीत लवचीक, तर आशा. दोन्हीकडे ताठ, तर त्याला सरळ धावायचं काम द्यावं.

हात

हातांबद्दल मी जास्त निराशावादी आहे. २००९ मध्ये ओकलंड रेडर्सनी सातव्या निवडीवर मेरीलँडचा डेरियस हेवर्ड-बे घेतला. कंबाइनमध्ये तो ४.३० धावला होता. मालक अल डेव्हिस यांचं वेगावरचं प्रेम सगळ्यांना ठाऊक होतं. मायकेल क्रॅबट्री पायाच्या दुखापतीमुळे धावलाच नाही आणि दहाव्या निवडीवर गेला. हेवर्ड-बेचे पहिल्या वर्षी नऊ झेल. पुढे २०११ मध्ये त्याने ९७५ यार्ड काढले आणि लीगमध्ये तो दहा वर्षं टिकला, म्हणजे त्याला बेकार म्हणणं अन्याय होईल. पण सातव्या निवडीची किंमत त्याने कधीच वसूल करून दिली नाही. त्याच ड्राफ्टमध्ये पिट्सबर्गने ४.३३ चा माइक वॉलेस ८४व्या निवडीवर उचलला होता आणि तिसऱ्या मोसमापर्यंत त्याच्या खात्यात हजार यार्डांची दोन वर्षं होती.

सुटलेले झेल नुसते मोजून भागत नाही. कसे सुटले ते बघायचं. चेंडू हातात येण्याआधीच नजर पुढे पळाली म्हणून सुटला, तर ते घाईचं लक्षण, सुधारतं. पण जो पंजे पुढे काढतच नाही, प्रत्येक चेंडू छातीशी येऊ देतो, त्याला जवळच्या कॉर्नरबॅकचा हात मध्ये घुसणारच. खोल चेंडूसाठी खांद्यावरून मागे बघत धावताना चेंडूची वाट ओळखणं ही तर आणखी वेगळी कला. काहींना ती पंधराव्या वर्षीच येते, आणि ज्यांना बाविसाव्या वर्षी येत नाही त्यांना नंतर आलेली मी फारशी पाहिली नाही.

कॉलेजचे फुगलेले आकडे

कॉलेजचं मैदान तेवढंच असलं तरी खेळ निराळा होतो. तिथे आतल्या खुणांच्या दोन रांगांत ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांचं. कॉलेजात चेंडू एका बाजूला ठेवला की दुसऱ्या बाजूला ऐसपैस मोकळी जागा पडते, आणि वेगवान मुलाला तिथे एक सोपा चेंडू दिला की तो पंधरा यार्ड पळतो. शिवाय कॉलेजात झेल घेताना एक पाय रेषेच्या आत पडला तरी चालतं, पुढे दोन्ही लागतात. कडेला झेल घेणाऱ्याच्या फितीत दुसरा पाय कुठे पडतोय हे म्हणूनच बघतात.

कॅम्पबेलच्या ९० झेलांत बरेच असे होते की चेंडू जवळच मिळाला आणि पुढचं काम पायांनी केलं. ते कौशल्य खरंच आहे, पण कॉर्नरबॅकला हरवून मोकळं होण्याचा तो पुरावा नव्हे. इसाबेलाने मॅसॅच्युसेट्सकडून त्या मोसमात १०२ झेल आणि १,६९८ यार्ड काढले. आकडा डोळे दिपवणारा. पण पाच फूट नऊ इंचांची चण आणि समोर बहुतेक वेळा दुय्यम दर्जाचे बचावपटू, हे दोन्ही त्या आकड्याबरोबर वाचायला हवं होतं. त्याच्याकडे तर काम भरपूर होतं, पेपर दिलेला होता. तो पेपर सोपा होता एवढंच.

शरीर, आणि कुणाच्या हाती पडतो

टीव्हीवर धाव दाखवतात, पण कंबाइन मुळात सुरू झालं ते वैद्यकीय तपासण्या एका जागी व्हाव्यात म्हणून. वेगवान खेळाडूच्या बाबतीत ती तपासणी जास्तच महत्त्वाची, कारण त्याची सगळी पुंजी गुडघे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंत असते. जॉन रॉसने २०१७ मध्ये ४.२२ चा तेव्हाचा विक्रम केला आणि सिनसिनाटीने त्याला नववा घेतला. वॉशिंग्टन विद्यापीठात गुडघ्याच्या दुखापतीने त्याचं २०१५ चं पूर्ण वर्ष गेलं होतं. एनएफएलच्या पहिल्या मोसमात त्याचा एकही झेल नाही, आणि पुढेही एखादी दुखापत सारखी मध्ये येत राहिली. त्याच ड्राफ्टमध्ये ४.६२ चा कूपर कप ६९वा गेला होता. २०२१ च्या मोसमात कपने १४५ झेल आणि १,९४७ यार्ड घेतले, वर सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला.

रॉसचा विक्रम २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ४.२१ ने मोडला. वजन जेमतेम ७५ किलो. हा मोडून पडेल अशी भीती अनेकांना वाटली. कॅन्सस सिटीने त्याला २८वा घेतला, चेंडू हलण्याआधी आडवं धावत ठेवलं म्हणजे समोरच्याला प्रेस करता येऊ नये, आणि पहिल्याच मोसमाअखेर सुपर बोलमध्ये संघ हरला तरी त्याच्या नावावर ८ झेल, १५७ यार्ड, २ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) होते. हार्डमनलाही याच संघाने तसंच वापरलं होतं. जॉर्जियात पहिल्या वर्षी तो बचावाच्या बाजूला होता, रिसीव्हर म्हणून उशिरा घडू लागला. त्याच्याकडून रूटांचं पूर्ण झाड, म्हणजे क्रमांकांची सगळी यादी, कुणी मागितलं नाही. परतीच्या किकवर धावणं, बाजूने सरकत येऊन छोटा चेंडू घेणं, अधूनमधून खोलवर सुटणं, एवढं काम त्याला दिलं. म्हणून मला नेहमी वाटतं, की ‘हा मुलगा चालेल का’ हा प्रश्न संघाचं नाव घातल्याशिवाय अर्धाच राहतो.

किंमत

नव्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचवं वर्ष वाढवण्याचा हक्क संघाकडे राहतो. कच्च्या रिसीव्हरला शिकायला दोन वर्षं दिली तर हाताशी दोन उरतात. पहिल्या फेरीत घेतलेल्याला तेवढी उसंत कुणी देत नाही. तिसऱ्या सामन्यात झेल सुटला की स्टेडियम हुर्यो करतं, प्रशिक्षकाची नोकरी डळमळते, आणि ज्याला हळूहळू घडवायचं होतं त्याला घाईने पुढे ढकललं जातं. दुसऱ्या फेरीच्या शेवटी किंवा तिसऱ्या फेरीत घेतलेला मात्र वर्षभर पंट परतवत, गनर म्हणून धावत, सरावात रिलीज घोटत राहू शकतो. माझा स्वतःचा हिशोब असा: हात चांगले, रूट न शिकवलेले, अंग लवचीक, गुडघे धड, तर दुसऱ्या फेरीत डोळे मिटून. हातांबद्दल शंका असेल तर चौथ्या फेरीच्या आधी नको, मग तो ४.२ का धावेना.

२०२२ च्या उन्हाळ्यात, नवखेपणीचे चार वर्षांचे करार संपायच्या आतच, मक्लॉरिन आणि मेटकाफ दोघांनाही तीन-तीन वर्षांचे, सात कोटी डॉलरच्या आसपासचे नवे करार मिळाले. त्याच ऑक्टोबरमध्ये अ‍ॅरिझोनाने इसाबेलाला मुक्त केलं. कॅम्पबेल त्या मोसमात पहिल्यांदाच सगळे १७ सामने खेळला आणि त्याने ६३ झेल घेतले.